नऊ जुने संगणक, एक उत्तरपत्रिका: इन्स्टॉलेशन आपोआप कसं करता? आणि डॉटफाइल्स कुठे ठेवता?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, चिपळुणात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा दुकानातले दोन्ही पीसी त्यात गेले. भेटेल तो विचारायचा, डेटा वाचला का? वाचला होता. हार्डडिस्क सावर्ड्याला भावाकडे होती, लग्नपत्रिकांपासून पावतीपुस्तकांपर्यंत सगळं तीवर होतं. गेलं ते दुसरंच. अकरा वर्षं एक मशीन वापरलं की ते हाताला बसतं. मराठी कीबोर्ड कुठल्या बटणाने फिरतो, प्रिंटरला डावीकडे किती जागा सोडायची, टर्मिनलमध्ये 'पत्रिका' टंकलं की कुठलं फोल्डर उघडतं. नवीन मशीनवर आठवड्याभरात धंदा सुरू झाला, पण बोटं पुढचे दोन-तीन महिने चाचपडत होती. याची प्रत कुणाकडेच नव्हती, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आता पुन्हा तोच प्रसंग, फक्त पाण्याशिवाय. आमच्या वरच्या सड्यावरच्या शाळेला एका चाकरमान्याने त्याच्या ऑफिसातले निवृत्त केलेले नऊ पीसी गणपतीला येताना टेम्पोत घालून आणून दिले. चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ती यांच्यात नाही. म्हणून डेबियन १३ हे लिनक्स घालायचं ठरवलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप.

पहिलं मशीन काल हाताने बसवलं. भाषा सांगा, देश सांगा, कीबोर्ड सांगा, मशीनचं नाव, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, डिस्क कशी विभागू, खरंच पुसू का, कुठून उतरवू. मग अर्धा तास काही नाही, आणि आपण चहा प्यायला उठलो की पुढचा प्रश्न. शाळेत नेट म्हणजे बाईंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीच्या गजाला पिशवीत टांगला तर. एकाला दुपार गेली. उरलेल्या आठांकडे बघून मी घरी आलो.

तर हे प्रश्न एकदाच कुठे लिहून ठेवता येतात का, की मशीन चालू केलं आणि झालं? आणि दुसरं, तुम्ही लोक स्वतःच्या सेटिंगच्या फाइली, म्हणजे डॉटफाइल्स, कशा सांभाळता? माझ्या सध्या पेनड्राईव्हवर 'नवीन-शेवटचं-२' नावाच्या फोल्डरात आहेत. 'नवीन-शेवटचं' सुद्धा आहे. दोन्हींत फरक काय ते मलाच माहीत नाही.

कोकमसार | शनिवार, रात्री ११:०५

क्लोनझिला. एक मशीन नीट लावा, अख्ख्या डिस्कची प्रतिमा म्हणजे हुबेहूब नक्कल काढा, आठांवर ओता. एवढं काय त्यात.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ६:२०

कोकमसार, नऊही डिस्क सारख्या असत्या तर मीही तेच म्हटलं असतं. ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये कुणात ५०० जीबी, कुणात ३२० असते. मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर क्लोनझिला सरळ ओतत नाही. शिवाय नऊही मशीनना एकच मशीन-आयडी आणि एकच एसएसएच होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणारी किल्ली) मिळते, ते नंतर निस्तरत बसा. आणि सहा महिन्यांनी सगळी प्रतिमा शिळी. शिळा भात फोडणीला चालतो, शिळी प्रतिमा नाही.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही मागताय त्याला डेबियनमध्ये प्रीसीड म्हणतात. इन्स्टॉलरचे प्रश्न डेबकॉन्फ नावाच्या यंत्रणेतून येतात आणि प्रत्येक प्रश्नाला आतून एक नाव असतं. त्या नावापुढे उत्तर लिहिलेली साधी मजकूर-फाइल म्हणजे प्रीसीड. रेड हॅट लिनक्सच्या गोतावळ्यात किकस्टार्ट, उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल, विंडोजमध्ये ऑटोअनअटेंड नावाची एक्सएमएल फाइल, जी पेनड्राईव्हच्या मुळाशी ठेवली की सेटअप आपण होऊन उचलतो. गोष्ट सगळीकडे तीच, तोंडी परीक्षेऐवजी आधीच लिहून दिलेला पेपर.

पहिलं मशीन हाताने बसवलंत ते वाया नाही गेलं. त्यावर डेबकॉन्फ-युटिल्स बसवा आणि डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स ही कमांड इन्स्टॉलरच्या पर्यायासह चालवा. काल तुम्ही दिलेली सगळी उत्तरं बाहेर पडतील. ती उचलून तशीच वापरू नका, त्यात इन्स्टॉलरच्या पोटातला बराच कचरा असतो. डेबियनच्या पुस्तिकेतली नमुना फाइल घ्या आणि ही यादी फक्त ताडून बघायला ठेवा.

फाइल मशीनला द्यायची कशी, तर तुमच्या लॅपटॉपवरून. एक ओळीचा पायथनचा वेब सर्व्हर पुरतो. बूटच्या ओळीत 'ऑटो' आणि फाइलचा पत्ता लिहायचा. हे 'ऑटो' लोक विसरतात आणि मग भाषेच्या प्रश्नावर अडकतात. साधं कारण आहे. इन्स्टॉलर आधी भाषा आणि कीबोर्ड विचारतो, नेटवर्क नंतर जोडतो. उत्तरपत्रिका नेटवर्कवर आहे, म्हणजे ती हातात यायच्या आधीच पहिले दोन प्रश्न विचारून झालेले असतात. 'ऑटो' म्हटलं की ते प्रश्न नेटवर्क जोडल्यानंतर ढकलले जातात. वायफायवर हे करू नका, वायर वापरा. सगळ्या वायरी एकत्र जोडायला नेटवर्क स्विच घ्या.

पासवर्ड फाइलीत उघडा लिहू नका, त्याचा हॅश, म्हणजे उलटा उलगडता न येणारं रूप, लिहा. हॅश काढायला एमकेपासडब्ल्यूडी लागतं, आणि डेबियनमध्ये ते 'हूइज' नावाच्या पॅकेजात दडलंय. का, ते विचारू नका, मी दोन तास शोधत होतो.

आता तुमच्या गजाला टांगलेल्या नेटबद्दल. लॅपटॉपवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. तो ३१४२ पोर्टवर बसतो. एकाने पॅकेज मागवलं की स्वतःकडे प्रत ठेवतो, दुसऱ्याला तीच देतो. प्रीसीडमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला दलाल, म्हणून त्याचा पत्ता द्या. आणि शाळेत जायच्या आधी दुकानातल्या फायबरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या लुटुपुटूच्या संगणकात) त्याच उत्तरपत्रिकेने एकदा रंगीत तालीम करा. सगळी पॅकेजं कॅशमध्ये येऊन बसतील, शाळेत मोबाइलचा डेटा जवळजवळ लागणारच नाही.

मालवणी_पेंग्विन | रविवार, सकाळी ८:१५

वाशिष्ठीकाठानू, एक गजाल सांगतंय. गेल्या मे म्हयन्यात भाच्याच्या पीसीर ह्याच करूक गेलंय. फायलीत डिस्क म्हणान एसडीए, म्हणजे लिनक्सात पयल्या डिस्कीचा नाव, लिवललंय. पेनड्राईव्ह लावल्यार तोच झालो एसडीए, आणि आतली डिस्क झाली एसडीबी. इन्स्टॉल अडाकला. म्हणान मी फायलीत एसडीबी केलंय आणि तीच फायल घेवन घरच्या पीसीर बसलंय. थंय आत दोन डिस्की. झीलाच्या बारशाचे फोटो खंयच्या डिस्कीर होते ता आता सांगूक होया काय?

'खरांच पुसू काय' असा तेना विचारूक नाय. कित्याक विचारीत? तेचा उत्तर मीच आधी 'होय' म्हणान लिवन ठेवललंय.

सुरंगी | रविवार, सकाळी ९:३०

पेंग्विना, वाईट वाटलं रे. पण शेवटचं वाक्य मी टीममधल्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

मी वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात याच कामावर. इन्स्टॉलेशनचं जुनाजाणता काकांनी सांगितलंच आहे, मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी थोडं अवांतर. टिंबाने सुरू होणारी फाइल लपते, हे कुणी विचार करून ठरवलेलं नाही. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हा किस्सा लिहिला होता. युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक फोल्डरात 'टिंब' आणि 'टिंब-टिंब' अशा दोन नोंदी आल्या. त्या यादीत दिसू नयेत म्हणून एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडीमध्ये सोपी तपासणी घातली गेली, पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. पूर्ण नाव तपासायला हवं होतं. त्या एका आळसातून 'लपलेली फाइल' जन्माला आली, आणि मग प्रत्येक प्रोग्रामने आपलं सामान घराच्या माळ्यावर फेकायला सुरुवात केली. वर काय काय पडलंय ते आपण घर बदलतानाच बघतो. पुढे एक्सडीजी नावाचा संकेत आला, की सेटिंग डॉट-कॉन्फिगमध्ये, डेटा डॉट-लोकलमध्ये, टाकाऊ ते डॉट-कॅशमध्ये ठेवा. बरेच प्रोग्राम पाळतात, काही अजून अंगणातच सांडतात.

फोल्डरला 'शेवटचं-२' नाव द्यायची वेळ आली म्हणजे गिट हवं, ते फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतं. डॉटफाइल्स नावाचं फोल्डर करा, त्यात गिट सुरू करा, टर्मिनलच्या बॅशची फाइल (बॅशआरसी), व्हिम एडिटरची फाइल, गिटचीच सेटिंग आत हलवा. मग मूळ जागी त्यांचे सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे. ते हाताने करत बसू नका, जीएनयू स्टो आहे. ते मुळात डॉटफाइल्ससाठी नव्हतंच, यूएसआर-लोकलमध्ये बसवलेली सॉफ्टवेअरं वेगवेगळी ठेवायला होतं, पण याला अगदी फिट बसतं. फोल्डरात जाऊन 'स्टो बॅश' म्हटलं की दुवा तयार.

पहिल्यांदाच ते अडेल. नवीन मशीनवर बॅशची फाइल आधीच असते आणि स्टो तिला हात लावत नाही. तेव्हा इंटरनेटवर कुणीतरी सांगेल की अ‍ॅडॉप्ट हा पर्याय द्या. त्याआधी गिटमध्ये सगळं कमिट केलेलं, म्हणजे इतिहासात नोंदवलेलं, असू द्या, कारण अ‍ॅडॉप्ट मशीनवरची फाइल उचलून तुमच्या फोल्डरातल्या फाइलीच्या जागी ठेवतं. तुमची दहा वर्षांची बॅशआरसी जाते आणि डेबियनची कोरी येते. कमिट असेल तर एका कमांडीत परत मिळते. नसेल तर पेंग्विनाला फोन करा, दोघं मिळून रडा.

मी स्वतः स्टो सोडून शेम्वावर गेले. नाव फ्रेंच आहे, 'माझ्या घरी'. ते दुवे करत नाही, फाइलींची प्रतच ठेवतं, आणि त्यात साचे लिहिता येतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ईमेल वेगळा, घरी वेगळा, एकाच फाइलीत 'मशीनचं नाव हे असेल तर ते' असं लिहायचं. शिवाय परवानग्या. गिट फाइलीची फक्त 'चालवता येते की नाही' एवढीच परवानगी लक्षात ठेवतो. ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल) वगैरे विसरतो. एसएसएचची खाजगी किल्ली सगळ्यांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. शेम्वामध्ये फाइलीच्या नावाआधी 'प्रायव्हेट' लावलं की परवानगी बरोबर बसते.

अर्थात खाजगी किल्ली गिटमध्ये टाकायचीच नाही, हे सांगायला नको.

मोदकपात्र | रविवार, सकाळी १०:१०

सांगायला हवं. मी टाकली होती. किल्ली नव्हे, एका सेवेचं टोकन, म्हणजे पासवर्डसारखंच, बॅशआरसीच्या मधोमध, आणि रेपो (गिटचं फोल्डर) सगळ्यांना उघडा. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, ओळ काढली, नवीन कमिट केला आणि निवांत झोपले. कमिटचा इतिहास तसाच असतो हे तिसऱ्या दिवशी बिल बघून कळलं. टोकन रद्द करून नवीन काढणं हे पहिलं काम, इतिहास धुणं नंतर.

हर्णैचा_वारा | रविवार, दुपारी १२:००

निक्सओएस हे लिनक्स बघा. पॅकेजं, सेवा, वापरकर्ते, तुमची बॅशसुद्धा, सगळं मशीन एका फाइलीत. बिघडलं तर बूटच्या मेनूतून कालच्या अवस्थेत परत. या धाग्यातले निम्मे प्रतिसाद लागणारच नाहीत.

कोकमसार | रविवार, दुपारी १२:०४

वाटच बघत होतो, अजून निक्सवाले कसे आले नाहीत.

जुनाजाणता | रविवार, दुपारी १२:४०

निक्स उत्तम आहे, थट्टा नाही. पण शाळेत उद्या एक पॅकेज घालायचं तर बाईंना आधी त्या फाइलीची भाषा शिकावी लागेल. डेबियनची अडचण गावात आणखी चार जणांना सोडवता येते.

पेंग्विनच्या एसडीए-एसडीबीला माझं उत्तर असं, की पेनड्राईव्हच नको. नेटवर्कवरून बूट करा, म्हणजे पीएक्सई. मशीनमध्ये एकच डिस्क उरते, गोंधळच नाही. डीएनएसमास्क हा एकच प्रोग्राम पत्तेही वाटतो आणि फाइलीही देतो. डेबियनचा नेटबूटचा गठ्ठा उतरवून त्याच्या फोल्डरात सोडायचा. घरी राउटर आधीच पत्ते वाटत असतो, तिथे डीएनएसमास्कला प्रॉक्सी पद्धतीत (पत्ते राउटरलाच वाटू देऊन) चालवा, नाहीतर दोघांची भांडणं लागतात. शाळेत राउटर नाही म्हणता, तेव्हा तिथे तुम्हीच राजे.

आणि एक ध्यानात ठेवा, मेनूचा टायमर चालू करू नका. माणसाने निवडल्याशिवाय इन्स्टॉल सुरू होता कामा नये.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री ९:५०

वृत्तांत देतो. चांगलं आधी.

येत्या शुक्रवारी-शनिवारी तालीम करावी असा विचार होता, पण धीर निघेना. सोमवारी रात्री दुकानात व्हर्च्युअल मशीनवर तालीम केली. चौथ्या प्रयत्नात एकही प्रश्न न विचारता लॉगिनचा पडदा आला. पहिल्या तीन वेळा काय झालं? एकदा माझंच स्पेलिंग, एकदा 'ऑटो' विसरलो, आणि एकदा 'तुमचं मशीन आकडेवारी पाठवू दे का' हा प्रश्न, त्याचं उत्तर मी लिहिलंच नव्हतं.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. बाईंनी वर्ग उघडून दिला. स्विच, नऊ वायरी, मधे लॅपटॉप. सात मशीन जुन्या बायोसची (मशीन चालू होताना पहिला जागा होणारा प्रोग्राम) निघाली, दोन यूईएफआय या नव्या पद्धतीची. त्या दोघांना वेगळी बूट फाइल लागते. कोण कुठलं आहे ते डीएचसीपीच्या (पत्ते वाटायच्या पद्धतीच्या) ९३ नंबरच्या ऑप्शनवरून डीएनएसमास्क ओळखतो. ते जमायला तासभर गेला. पण त्यानंतर जे दिसलं ते विसरणार नाही. नऊ पडद्यांवर नऊ निळ्या पट्ट्या एकाच वेळी सरकतायत आणि मी खिडकीत बसून करवंदाच्या जाळीकडे बघतोय. बाईंच्या मोबाइलचा डेटा? शंभर एमबीसुद्धा गेला नाही.

नावं मुलांनी ठेवली. हापूस, पायरी, फणस, काजू, करवंद, जांभूळ, रातांबा, नारळ, सुपारी. प्रीसीडमध्ये नाव लिहिलं तरी डीएचसीपीने दिलेलं नाव त्याच्यावर चढतं, म्हणून प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यासमोर (कार्डाचा स्वतःचा कायमचा क्रमांक) डीएनएसमास्कमध्येच नाव लिहिलं. संध्याकाळी वाडीतली दहा-बारा पोरं आली आणि टक्स पेंटमध्ये चित्रं काढत बसली. एकीने पर्ससीनची होडी काढली होती, जाळ्यातल्या बांगड्यांसकट. तिने ती सेव्ह केली, मी स्वतः बघितलं.

आता वाईट. लोडशेडिंगच्या वेळी लाईट गेली आणि यूईएफआयवाली दोन अर्धवट राहिली. ती रात्रीत होतील म्हणून लॅपटॉप तिथेच चालू ठेवून आलो. आणि काका, मी टायमर चालू केला होता. तीन सेकंद. नऊ मशीनसमोर नऊ वेळा एन्टर कशाला, असं वाटलं. त्यासाठी सगळ्यांच्या बायोसमध्ये नेटवर्क पहिल्या नंबरवर ठेवलं होतं.

आज सकाळी प्रार्थनेनंतर बाईंनी मेन स्विच चालू केला. साडेदहाला फोन आला, "दादा, सगळ्यांवर निळ्या पट्ट्या आपोआप सरकतायत. तुम्ही घरून काही करताय का?"

मी घरून काहीच करत नव्हतो.

मालवणी_पेंग्विन | बुधवार, रात्री ९:५८

ये बस, बाजूक.

जुनाजाणता | बुधवार, रात्री १०:३०

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हे एकदा सतरा मशीनवर केलंय, म्हणून तर सांगत होतो. असो.

दुरुस्ती तीन ठिकाणी करा, एकावर भिस्त ठेवू नका. बायोसमध्ये डिस्क पहिली, नेटवर्क हवं तेव्हा एफ-१२ दाबून. मेनूत पहिली ओळ 'डिस्कवरून चालू करा', टायमर संपला तर तीच चालेल. आणि इन्स्टॉलच्या ओळीला मेनूचा पासवर्ड. मग मेन स्विच कुणीही चालू करू दे.

आणखी एक, अजून लक्षात आलं नसेल. लॅपटॉप घरी नेलात की शाळेत अपडेट बंद पडेल. इन्स्टॉलच्या वेळी दिलेला प्रॉक्सीचा पत्ता इन्स्टॉलर प्रत्येक मशीनच्या अ‍ॅप्टच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवतो. लॅपटॉप नसताना सगळी त्यालाच हाका मारत बसतात. लेट-कमांडमध्ये, म्हणजे प्रीसीडमधल्या अगदी शेवटी चालणाऱ्या ओळीत, ती फाइल पुसा.

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, दुपारी २:१५

पुसण्याऐवजी दुसरं केलं. डीएनएसमास्क आणि कॅशर दोन्ही हापूसवर हलवले आणि लॅपटॉपचाच पत्ता हापूसला कायमचा दिला. हापूस आता शाळेतच असतो, आणि बाकीच्यांना मालक बदलल्याचं कळलंसुद्धा नाही. उत्तरपत्रिका आणि डीएनएसमास्कची फाइल गिटमध्ये, तो रेपोही हापूसवर, प्रत माझ्याकडे आणि भावाकडे सावर्ड्याला.

होडीवालीला सगळं खरं सांगितलं. तिने पुन्हा काढली. या वेळी बांगडे जास्त आहेत.

आता अडलोय मराठी कीबोर्डवर. आयबसमध्ये (कीबोर्डची भाषा बदलणारा प्रोग्राम) इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही हवे, कंट्रोल-स्पेसने फिरणारे, नऊही मशीनवर. डॉट-कॉन्फिग अख्खं गिटमध्ये घातलं, तरी आयबसची सेटिंग येत नाही. ती सेटिंग जिथे साठते त्या डीकॉन्फ फोल्डरातली 'यूजर' नावाची फाइल उघडली तर नुसती चिन्हं.

सुरंगी | गुरुवार, दुपारी ३:००

ती बायनरी असते, गिटमध्ये घालून काही उपयोग नाही. आज एक अक्षर बदललं तर उद्या काय बदललं ते दिसणारच नाही. डीकॉन्फ-डंप ही कमांड आयबसच्या शाखेवर चालवा. वाचता येईल असा मजकूर बाहेर पडतो, तो गिटमध्ये ठेवा. दुसऱ्या मशीनवर डीकॉन्फ-लोड. फॉन्टसाठी प्रीसीडच्या पॅकेजांच्या यादीतच फॉन्ट्स-देवा लिहून टाका, म्हणजे जोडाक्षरांचे ठोकळे दिसणार नाहीत.

एक्सएफसीईच्या सेटिंगच्या फाइली मात्र मजकुराच्या आहेत, एक्सएमएल. पण त्या चालू सत्रात वरून कॉपी केल्या तर उपयोग नाही. त्यांचा रखवालदार जुनी सेटिंग डोक्यात धरून बसलेला असतो आणि पुन्हा जुनीच लिहून टाकतो. एक्सएफकॉन्फ-क्वेरीने बदला, किंवा लॉगआउट करून कॉपी करा. यावर माझा एक शनिवार गेलाय.

आणि इन्स्टॉल झाल्यानंतरची बारीकसारीक कामं लेट-कमांडमध्ये कोंबू नका, ती ओळ मग हातभर लांब होते आणि चुकली तर कळत नाही. त्यासाठी अ‍ॅन्सिबल. त्यात 'हे कर' असं नाही लिहीत, 'हे असं असावं' असं लिहितात. आधीच तसं असेल तर ते गप्प बसतं, म्हणून दहा वेळा चालवलं तरी चालतं. तुमच्याकडे लाईट कधी असेल, कुठलं मशीन चालू असेल भरवसा नाही, म्हणून हापूसवरून ढकलण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतः ओढावं. अ‍ॅन्सिबल-पुल मशीन चालू झालं की हापूसवरच्या रेपोतून ओढेल, डीकॉन्फ-लोडही त्यात बसेल. फाइल यामल नावाच्या मांडणीत लिहायची. टॅब चुकूनही दाबायचा नाही, स्पेसच.

कोकमसार | गुरुवार, दुपारी ३:२०

मागे घेतो क्लोनझिला. पण निक्सबद्दलचं मत तेच.

वाशिष्ठीकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ११:१०

जमलं. डंप, लोड, पुल, सगळं. टॅबही दाबून झाला. एरर वाचायला अर्धा तास, स्पेस दाबायला एक सेकंद.

आणि आज संध्याकाळी दुकानातल्या नवीन मशीनवर सुरंगीताईंच्या पद्धतीने स्टो चालवलं. आधी कमिट केलं. मग टर्मिनलमध्ये 'पत्रिका' टंकलं आणि फोल्डर उघडलं. २०२१ नंतर पहिल्यांदा. उगाच दोन-तीन वेळा टंकून बघितलं.

सड्यावरची_बाई | तीन आठवड्यांनी, संध्याकाळी ५:३०

नमस्कार. वर ज्या बाईंचा मोबाइल गजाला टांगलेला आहे, त्या मी. दादांनी हा धागा वाचायला दिला, आज खातं उघडलं.

गेल्या शुक्रवारी 'काजू' चालू होईना. आत कटकट आवाज येत होता. दादा गणपतीपुळ्याला लग्नात, फोन लागेना. मुलांचा संगणकाचा तास दुपारी होता. आमचे शिपाईमामा चिपळूणहून एक वापरलेली एसएसडी घेऊन आले, आम्ही दोघांनी स्क्रू काढून ती बसवली. एफ-१२ दाबलं, मेनूतली दुसरी ओळ, वहीतला पासवर्ड. मग मी तिसरीचे पाढे घ्यायला गेले. परत आले तर लॉगिनचा पडदा, आणि वर नाव 'काजू'. नाव मी कुठेच टाकलं नव्हतं, ते कसं आलं?

मराठी कीबोर्ड पण होता. दादांनी वहीत लिहिलं होतं की मशीन एकदा बंद-चालू करा, ते केलं होतं.

वाशिष्ठीकाठ | तीन आठवड्यांनी, संध्याकाळी ६:०५

बाई, डिस्क बदलली पण नेटवर्क कार्ड तेच राहिलं ना. नाव कार्डाच्या पत्त्याला बांधलंय आणि ती यादी हापूसकडे आहे. उद्या अख्खं मशीनच बदललं तर मात्र नवीन पत्ता यादीत लिहावा लागेल, मी येतो तेव्हा दाखवतो. खरं सांगू का, फोन लागला नाही ते बरंच झालं.

सड्यावरची_बाई | तीन आठवड्यांनी, संध्याकाळी ६:२०

दाखवा. आणि येताना 'फणस'चं स्पेलिंग बदला. मुलं म्हणतात एफने हवं, तुम्ही पीएचने लिहिलंय. वर्गात दोन पक्ष पडलेत.

मालवणी_पेंग्विन | तीन आठवड्यांनी, संध्याकाळी ६:२२

पीएच. कापो फणस जाल्यार पीएच, बरको जाल्यार एफ.